एकशे आठ नग

मराठी माणूस आधी फ्लॅट घेतो, मग त्याला ग्रिल लावून घेतो आणि त्यानंतर हत्यारांची पेटी घेतो. पेटीला फार मोठं निमित्त लागत नाही. तीन फोटो आणि किल्ल्या अडकवायची एक पाटी भिंतीवर लावायचे सुताराने पाचशे रुपये सांगितले, तेवढं पुरतं. "पाचशेत तर अख्खा सेट येतो!" असं घरातला कर्ता पुरुष म्हणतो. त्याला हे कुठून कळलं, ते कोणी विचारत नाही. पुढच्या रविवारी डाळ-तांदळाच्या ट्रॉलीत, साबणाच्या वड्यांवर आडवी पडून एक पेटी घरी येते. तिच्यावर नाव दुकानाचंच. ज्या नावाची तूरडाळ, ज्या नावाचं फिनेल, ज्या नावाची पायपुसणी, त्याच नावाची पक्कड. पाचशेत चाळीसच नग येत होते, वर आणखी हजार घातले की एकशे आठ. आकडा शुभ असल्यामुळे त्या हजाराबद्दल घरात चर्चा होत नाही.

एकशे आठ भरतात कसे, हे पेटीतला कागद वाचल्याशिवाय कळत नाही. स्क्रू ड्रायव्हरची मूठ एक, पण तिच्या तोंडात बसणारी टोकं साठ, झाले एकसष्ट. ॲलन की नऊ, आणि त्या ज्यात खोचल्या आहेत ती प्लॅस्टिकची पट्टी दहावी. वायर बांधायचे प्लॅस्टिकचे बंद असतात, त्यातला प्रत्येक बंद स्वतंत्र नग. काही कंपन्या खुद्द पेटीही मोजतात. माझ्या मते तिला तो मान मिळायलाच हवा, कारण एकशे आठांत मन लावून केलेली वस्तू तीच असते. साच्यात हवा फुंकून काढलेली, दुहेरी भिंतीची, आणि प्रत्येक पान्याला त्याच्या अंगाबरोबरचा खळगा. पहिल्या संध्याकाळी सगळं घर तिच्याभोवती बसतं. मुलं रॅचेट घेऊन कर्रकर्र फिरवत सुटतात. बायको एका चमत्कारिक टोकाकडे बोट दाखवून "हे कशाला असतं?" असं विचारते आणि नवरा ठाम आवाजात काहीतरी सांगतो. मग सगळे नग आपापल्या खळग्यात परत बसवले जातात. ते शेवटचं. त्यानंतर ती पेटी पूर्ण मिटलेली कोणी पाहिलेली नाही. एक नग कायम आडवा येतो, आणि मोडायचा पहिला मान तिच्या कडीला मिळतो.

पेटीत सॉकेटांच्या दोन रांगा असतात, एक मिलिमीटरची आणि एक इंचाची. आपल्याकडे मापं बदलायचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं-मापं वापरात यायला लागली. म्हणजे इंचाची रांग आहे ती आपल्या आजोबांसाठी. खरं तर ती अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी असते. आपल्यासाठी वेगळा साचा करायचा कंटाळा केला, म्हणून तीही सोबत आली. आपल्या घरात इंचात मोजतात ते नळाचे पाइप, अर्धा इंची आणि पाऊण इंची. पण पाइपला सॉकेट चालत नाही, पाइप पाना लागतो, आणि तो एकशे आठांत नसतो. त्यामुळे इंचाची रांग पिढ्यान्‌पिढ्या नवीकोरी राहते. मिलिमीटरच्या रांगेत दहा नंबरची जागा मात्र लवकरच रिकामी दिसू लागते. गाडीची बॅटरी, झाकण, जे म्हणाल तिथे दहा नंबरच लागत असल्यामुळे तोच बाहेर जातो, आणि बाहेर गेलेला परत येईलच असं नाही. चौदा नंबर कधी हरवत नाही. त्याला कोणी बोलावतच नाही.

आता डिसमिसकडे येऊ, कारण गृहस्थाचा खरा संबंध त्याच्याशीच येतो. चार पाकळ्यांचा जो स्टार स्क्रू आपण सगळीकडे पाहतो, त्याचं पेटंट हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाला १९३६ साली मिळालं आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो लगेच उचलला. त्याच्या खाचेच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात. त्यामुळे टोक आपोआप मधोमध बसतं, पण त्याच कारणाने जोर कमी पडला की ते वर चढून बाहेरही येतं. म्हणून स्टार स्क्रू फिरवण्याआधी दाबावा लागतो, आणि टोक खाचेत गच्च बसणारं लागतं. दुकानाच्या नावाच्या डिसमिसचं टोक खाचेच्या मापाचं असतं, पण मोघम. कडा मुळातच गोलसर. पहिल्या झटक्याला 'कट्‌' असा आवाज येतो, दुसऱ्यालाही तोच. तिसऱ्यानंतर स्क्रूच्या डोक्यावर चार पाकळ्यांऐवजी एक छान गुळगुळीत वाटी तयार झालेली असते. आणि डिसमिस उजेडात धरून पाहावा, तर त्याच्यावर ओरखडा नाही.

स्वस्त हत्याराची सगळी गंमत इथे आहे. स्वस्त छत्री मोडली तर छत्रीच मोडते. स्वस्त चप्पल तुटली तर आपण अनवाणी घरी येतो, रस्त्याला काही होत नाही. हत्यार मात्र आपल्या किमतीतली बचत समोरच्या वस्तूकडून वसूल करतं. साठ रुपयांचा डिसमिस चार हजारांच्या मिक्सरचा स्क्रू गिळतो आणि पुन्हा पेटीत जाऊन नव्यासारखा बसतो. ढिल्या जबड्याचा स्क्रू पाना नळाच्या पितळी नटाचे सहाही कोपरे घासून त्याला गोल करतो. मग प्लंबरला बोलवावं लागतं. तो त्या नटाकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि विचारतो, "साहेब, आधी कोणी हात लावला होता का?" प्रश्न कोणी विचारला यावर उत्तर अवलंबून नसतं. सगळ्या घरांतून तेच उत्तर येतं: "नाही, तो आधीपासून तसाच होता."

या सगळ्या नगांवर एक मंत्र कोरलेला असतो, 'क्रोम व्हॅनेडियम'. पाना कितीचा आहे ते बघायला भिंग लागतं, पण क्रोम व्हॅनेडियम रस्त्यापलीकडून वाचता येतं. हे खोटं असतंच असं नाही. पोलादात सुमारे एक टक्का क्रोमियम आणि टक्क्याचा सहावा-सातवा हिस्सा व्हॅनेडियम असलं की ते नाव लावता येतं. शंभर ग्रॅमच्या पान्यात व्हॅनेडियम भरतं सव्वा गुंज. आणि पाना आरशासारखा चमकतो तो त्यातल्या क्रोमियममुळे नव्हे. ती चकाकी वेगळी, वरून चढवलेला मुलामा. तो कशावरही चढतो.

पान्याचं नशीब ठरतं ते पाणी देताना. लोहार कोयता लाल करून विझवतो, तेव्हा पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा बेतानं तापवायचं असतं, म्हणजे कडकपणा टिकून अंगात थोडी लवचीकता येते. कारखान्यातही हेच करतात, फक्त भट्टी मोठी आणि विझवायला बहुधा तेल. पहिलं तापवणं कोणी चुकवत नाही. पैसे वाचवायचे असतात ते दुसऱ्यात, कारण त्याला वेळ लागतो, इंधन लागतं, आणि केलं की नाही ते वरून दिसत नाही. कमी झालं तर टोकाचा टवका उडतो, जास्त झालं तर टोक मेणासारखं मऊ पडून स्वतःच पिळवटतं. त्यातून भट्टीत मधे ठेवलेल्या मालाला एक ताप लागतो आणि कोपऱ्यातल्या मालाला दुसरा. त्यामुळे एकाच पेटीत अकरा नंबर हिरा निघतो आणि बारा नंबर माती. म्हणूनच या पेट्यांबद्दल कोणाचंही मत कोणाच्या उपयोगाला येत नाही. तुमचा शेजारी "दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही" असं म्हणतो ते खरं असतं. त्याच्या वाट्याला भट्टीचा मधला भाग आला.

दुकानाने आपलं नाव हत्यारावर घालायचं, हे मॉलवाल्यांनी शोधून काढलं असं समजण्याचं कारण नाही. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे हे पूर्वीपासून चालत आलं आहे. माल बहुतेक जालंधरचा किंवा राजस्थानातल्या नागौरचा. जालंधरला हत्यारांचे इतके कारखाने की केंद्र सरकारने १९८३ साली हस्त-अवजारांची एक केंद्रीय संस्थाच तिथे काढली. पान्याचं बारसं सगळ्यात शेवटी होतं, आणि नाव आत्याऐवजी गिऱ्हाईक ठेवतं. तोच साचा, तोच घण. एका खोक्यावर परदेशातल्या दुकानाचं नाव उठतं आणि शेजारच्या खोक्यावर नागदेवीतल्या घाऊक व्यापाऱ्याचं. त्यामुळे "साहेब, एक्स्पोर्टचा माल आहे," हे वाक्य ऐकून हसू नये. पाना निघाला असेल एक्स्पोर्टलाच. तो इथे का आला, हा प्रश्न मात्र विचारून ठेवावा.

बोहरी आळीत गल्ल्यावर बसणारे एक चाचा मला फार आवडतात. त्यांच्या दुकानात फिरायला जागा नाही, छतापासून साखळ्या आणि कड्या लोंबतात, आणि ते स्वतः खुर्चीतून न उठता कुठल्याही खणातली कुठलीही वस्तू काढतात. त्यांना मी एकदा त्यांच्याच नावाची पक्कड हातात घेऊन विचारलं, "चांगली आहे ना?"

"वापरायला पाहिजे की घरात ठेवायला?"

यात टोमणा अजिबात नव्हता. शिंप्याने बाही अर्धी की पूर्ण असं विचारावं, तितक्या सरळपणे त्यांनी विचारलं होतं.

"म्हणजे?"

"घरात ठेवायला हीच घ्या. छान दिसते. भाव पण बरा आहे."

"आणि वापरायला?"

त्यांनी मागे न बघता हात मागे नेला आणि नाशिकची पक्कड पुढे ठेवली. साताऱ्याच्या पेढ्यासारखं नाशिकच्या हत्याराचं नाव का होत नाही कळत नाही, पण टपारियाचा कारखाना सातपूरला आहे आणि १९६९ पासून, सुरुवातीला एका स्वीडिश कंपनीची मदत घेऊन, त्यांनी तिथे पाने-पकडी काढल्या आहेत. शेअर बाजारात ही कंपनी वेगळ्याच कारणाने गाजलेली आहे. कागदावर तिच्या शेअरचा भाव तिच्या लाभांशाहूनही कमी दिसायचा, पण घ्यायला जावं तर विकणारा सापडायचा नाही. ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही. पकडींचंही तेच आहे, फक्त त्या शेजारी उसन्या घेऊन जातात आणि मग शेजारी सोडत नाहीत.

"या तुमच्यावालीला गॅरंटी किती, चाचा?"

"पायरी उतरेपर्यंत."

दोन्ही घेतल्या. घरात ठेवायलाही एक लागतेच.

पण स्वस्त म्हणजे टाकाऊ, असं म्हणणारे लोक बहुधा कधी काही दुरुस्त न करणारे असतात. आमच्याकडे येणाऱ्या सुतारमिस्त्रींची रेक्झिनची पिशवी मी निरखून पाहिली आहे. त्यात निम्मा माल स्वस्तातला असतो आणि निम्मा चांगला महाग. निवड मात्र आपल्या उलट. ड्रिलचं बिट, करवतीचं पातं आणि कानस हे ते नाव बघून घेतात. पटाशी तर विकतही घेत नाहीत, झिजलेली कानस घासून स्वतः करतात, कारण कानशीचं पोलाद अस्सल असतं हे त्यांना ठाऊक आहे. हातोडी मात्र वजनावर मिळेल ती. त्यांचा हिशेब सरळ आहे: धार किंवा दात असतील तिथे पैसे टाकायचे, नुसतं वजन लागत असेल तिथे नाही. अर्धा किलो लोखंड कोणत्याही नावाने अर्धा किलोच भरतं. हातोडीचा एकच दोष, लाकडी दांडा उन्हाळ्यात आकसतो आणि डोकं हलायला लागतं. त्यावर मिस्त्री ती रात्रभर पाण्याच्या बादलीत उभी करतात. सकाळी दांडा फुगतो, डोकं ठिकाणावर. हा उपाय माणसांवर चालता, तर सोसायटीच्या वार्षिक सभेआधी मी काही बादल्या भरून ठेवल्या असत्या.

सोसायटीचा विषय निघालाच आहे, तर टेपची गोष्ट सांगतो. मापाच्या पोलादी टेपच्या टोकाला जो आकडा असतो, तो रिव्हेटांवर किंचित पुढेमागे हलतो. तो हलायलाच हवा. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढला की आकडा बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबला की आत जातो. दर वेळी तो आपल्या स्वतःच्या जाडीइतकाच सरकतो, म्हणजे ती जाडी मापात धरली जात नाही आणि दोन्हीकडून माप बरोबर येतं. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांना हा मालातला दोष वाटला. "बघा, चायनाचा माल! नवीन टेप, आणि आकडा हलतोय!" असं म्हणून त्यांनी तो ऐरणीवर, म्हणजे वरवंट्यावर धरून ठोकून पक्का केला. मग समाजसेवा म्हणून शेजाऱ्यांचेही टेप मागून आणले आणि पक्के करून दिले. हिशेब करून बघा, आकडा आत अडकला काय आणि बाहेर अडकला काय, फळी दर वेळी कपाटाच्या जागेपेक्षा मिलिमीटरभर आखूडच कापली जाते. आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या कपाटांतल्या फळ्या आजही वाजतात. काकांचं मत असं की प्लायवूड हलक्या प्रतीचं होतं. स्वस्त टेपची बाजू घेऊन एवढंच म्हणेन की त्याचा आकडा मुद्दाम हलतो की जमलं नाही म्हणून हलतो, हे बाहेरून ओळखणं खरोखर अवघड असतं.

टेस्टरबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तो आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विश्वासातला नग. पारदर्शक मुठीत निऑनचा इवलासा दिवा, एक स्प्रिंग आणि दहा लाख ओहमच्या आसपासचा एक रोधक. आपण टोक प्लगात घालतो आणि मागच्या टोपीवर बोट ठेवतो. मग घरातल्या २३० व्होल्टचा, मिलिअँपिअरहून कमी असा एक ओहोळ आपल्यातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. मधला रोधक काही पैशांचा असतो, आणि तो कुठे बनला हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कर्जाचे कागद चार वेळा वाचणारा माणूस टेस्टरच्या टोपीवर बेधडक अंगठा ठेवतो. पण वीज बघणं हे टेस्टरचं जोडकाम. तो मुख्यतः रंगाचे डबे उघडायला, मिक्सरच्या भांड्याखालचा मळ काढायला, घट्ट झाकणाखाली घालून हवा सोडायला आणि अर्थातच स्क्रू काढायला असतो. दिवा बंद पडल्यावरही त्याची नोकरी चालू राहते. स्वस्त पकडीच्या लाल मुठींवर '१००० व्होल्ट' छापलेलं असतं, तो त्याच घराण्यातला प्रकार. खऱ्या विजेच्या कामाच्या पकडीवर दोन त्रिकोणांची खूण असते आणि तशी प्रत्येक पक्कड १०,००० व्होल्टला तपासून मगच बाहेर पडते. नुसते आकडे छापायला फक्त शाई लागते. अशी मूठ जोर लावला की मोज्यासारखी निघून हातात येते, आणि हजार व्होल्टची हमी पकडीपासून वेगळी होऊन आपल्या मुठीत सुखरूप राहते.

खंडेनवमीला मात्र या पेटीचा तोरा बघावा. पाटावर ठेवलेली, हळद-कुंकू वाहिलेली, झेंडूच्या माळेखाली एकशे आठांपैकी जेवढे उरले असतील तेवढे नग झगमगत असतात. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पूजेला अशी शोभा येत नाही. कुंकू लावावं तर ते काळ्या पडलेल्या दांड्यावर दिसतही नाही.

अमेरिकेत या दुकानी हत्यारांचा मामला निराळाच आहे. तिथे सीअर्सने १९२७ मध्ये 'क्राफ्ट्समन' हे नाव घेतलं आणि पुढे त्या नावाच्या हातहत्यारांना आयुष्यभराची हमी दिली: मोडलं तर आणा, नवं घेऊन जा. मग इतर दुकानांनाही आपापल्या नावाच्या मालावर तसंच म्हणावं लागलं. हे आयुष्य पान्याचं की माणसाचं, यावर आमच्याकडे एका लग्नात जेवणाची पंगत उठेपर्यंत वाद झाला होता. न्यू जर्सीतल्या मावसभावाने तो मिटवला. तिथल्या एका साखळी दुकानाचं रॅचेट त्याने भेट म्हणून आणलं होतं, ते सगळ्यांसमोर ठेवून तो म्हणाला, "मोडून दाखवा. नवं देतात, पावतीसुद्धा मागत नाहीत."

असं आव्हान कोल्हापूरच्या मेव्हण्यांसमोर द्यायचं नसतं. त्यांनी स्कूटरच्या मागच्या चाकाचा गंजलेला नट निवडला, रॅचेटच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि वर उभे राहिले. नट हलला नाही. रॅचेटच्या पोटातले दात गेले; आता ते दोन्ही बाजूंनी अगदी सारखं, मोकळं फिरतं. मावसभावाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा दाखवला आणि लिहिलं, "नो प्रॉब्लेम, पाठवून द्या, बदलून घेतो."

कुरिअरचा भाव विचारला तर त्यात इथे दोन नवी रॅचेटं आली असती. पण फुकट बदलून मिळणारी वस्तू सोडून देणं आमच्या घराण्यात बसत नाही. सुदैवाने मावशी डिसेंबरात सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणार आहेत. हत्यार विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही, म्हणजे ते मोठ्या बॅगेतच गेलं पाहिजे, आणि त्या दोन्ही बॅगा तेवीस किलोंच्या काट्यावर केव्हाच्याच भरून बसल्या आहेत. डिंकाचे लाडू, मेतकूट, अळीव, बाळंतशेपा, यातलं काही कमी करायला मावशी तयार नव्हत्या. मेव्हण्यांना जबाबदारी घ्या म्हटलं तर ते म्हणाले, नट काढून दाखवतो, पण तो चढवला होता कोणी ते आधी सांगा. शेवटी काल रात्री काट्यावर बॅग चार वेळा उचलून झाल्यावर तोडगा निघाला. थालीपिठाची भाजणी अर्धा किलोने कमी केली आहे. मावसभावाला हे अजून कोणी कळवलेलं नाही.